पहिल्या घाण्याचं कडबोळं

अठराव्या चाचणीतही चेहरा आला नाही.

स्मृतिदर्शकाच्या पडद्यावर चूल आली, चुलीवरची कढई आली, धुराने पिवळी पडलेली भिंत आली. लाल लाखेचा लाकडी घोडा आला आणि त्याच्या कानात अडकवलेलं कडबोळंही आलं. घोड्यामागे लुगड्यातली एक बाई वाकली होती. तिच्या मानेपर्यंत सगळं स्पष्ट होतं, मानेच्या वर नुसतं धुकं.

"सत्त्याऐंशी," आकडा वाचून फिरोज दलवाईने हातातली नोंदवही टेबलावर आपटली.

डॉ. वासंती रेडकर पडद्यावरचं धुकं न्याहाळत होत्या. समोरच्या खुर्चीत, डोक्याला संवेदकांची जाळीदार टोपी घालून कृष्णाबाई परुळेकर बसल्या होत्या. वय शहात्तर. डाव्या हाताच्या पाची बोटांत एकेक कडबोळं अंगठीसारखं घातलेलं, आणि त्यातलं करंगळीचं अर्धं खाल्लेलं.

"दिसली?" त्यांनी डोळे मिटूनच विचारलं.

"अजून नाही, काकू."

"बरं," कृष्णाबाई म्हणाल्या आणि उरलेलं अर्धं तोंडात टाकलं. वाया कशाला घालवायचं.

त्यांची आई गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. आईचा एकुलता एक फोटो पुराच्या पाण्यात गेला. उरली होती ती दिवाळीच्या आदल्या दिवसाची एक सकाळ. आई कडबोळी तळायची, आणि पहिल्या घाण्यातलं पहिलं कडबोळं पोरीला नाही, घोड्याला मिळायचं. मग गुणगुणत ती पोरीची पाची बोटं भरायची.

*पहिलं कडबोळं घोड्याच्या कानाला,*
*दुसरं बाळीच्या इवल्या बोटाला.*

आता कृष्णाबाईंना विस्मरणाचा आजार लागला होता. वर्षभरात माणसांची नावं जातील, मग माणसं जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याआधी एकदा आईचं तोंड बघायचं, एवढंच मागणं घेऊन त्या या केंद्राची पायरी चढल्या होत्या. कापडी पिशवीत तो घोडाही आणला होता. सत्तर वर्षांत त्याचं पुढचं एक चाक गेलं होतं. दर चाचणीला तो टेबलावर एका बाजूला कलून उभा असायचा.

यंत्राचं तत्त्व साधं होतं. चव जिभेवर आली की तिच्याशी बांधलेली आठवण मेंदूत उघडते. उघडलेल्या आठवणीचं चित्र स्मृतिदर्शक पडद्यावर काढतो. जिभेवरची चव आठवणीतल्या चवीशी किती मिळते ते शंभरपैकी जुळणांकात कळतं. नव्वदच्या खाली आठवण अर्धवट उघडते, वस्तू दिसतात, चेहरे दिसत नाहीत. म्हणजे आईची कडबोळी हुबेहूब जमली तरच आईचं तोंड दिसणार होतं.

ती जमवायचं काम अन्नरसायनज्ञ फिरोजचं. त्याने भाजणीचे अठरा प्रकार केले होते. पहिल्या घाण्याचा जुळणांक एक्केचाळीस आला होता. तो घाणा चांगला चार किलोचा होता आणि डब्यांत तसाच पडून होता.

कृष्णाबाईंना गाडीत बसवून वासंती परत आल्या तेव्हा फिरोज खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"मॅडम, मला हे काम सोडायचंय."

"नव्वदला तीन कमी आहेत, आणि आता सोडतोस?"

"त्या तिनाचंच दुखणं आहे. धणे वाढवले, आकडा चढला. धणे काढून टाकले, तरी चढला. सोळाव्या घाण्यात मी वैतागून ओवा दुप्पट टाकला, माझ्या आईने तो तोंडात धरला नसता. तिथेही दोन गुण वर. आपण जवळ जात असतो तर कधीतरी चुकून लांबही गेलो असतो ना? हा आकडा माझ्या भाजणीकडे बघतच नाहीये."

"मग कशाकडे बघतोय?"

"तेच विचारतोय. आठवणीतली चव जागची हलत नाही, असं आपण धरून चाललोय. ती हलत असेल तर?"

वासंतींनी चष्मा काढला. तो जांभळ्या दोरीने छातीवर लोंबकळला. हे उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने नियमावलीत लिहिलं होतं, म्हणून ते बोलताना त्यांचा आवाज खाली गेला.

"आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नाही, फिरोज. ते मातीचं खेळणं आहे. नुसतं ठेवलंस तर सुकून टणक राहतं. पण आठवलंस की ते पुन्हा ओलं होतं आणि सुकायला सहा तास लागतात. त्या ओल्या काळात जे हात लागतील त्यांचे ठसे घेऊनच ते सुकतं. म्हणून तर चाचणीनंतर सहा तास पाण्याशिवाय काही खायचं नाही असा नियम केला."

"आणि तो पाळला गेला?"

वासंतींनी भिंतीवरच्या नियमावलीकडे पाहिलं. सकाळी अकराला आलेली म्हातारी, मधुमेहाची, घर दीड तासावर. तिला संध्याकाळपर्यंत उपाशी कशी ठेवायची? पहिल्याच दिवशी त्यांनी चहा करून दिला होता, आणि दिवाळी तोंडावर आलेली, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून कडबोळ्यांचा डबाही. पुढच्या वेळी तो डबा धुऊन, आत दोन नारळवड्या घालून परत आला. मग तो पुन्हा भरून देणं आलंच. अठरा वेळा डबा गेला, सतरा वेळा आला. नियमावली भिंतीवर होती, डब्याची रीत हाडात होती.

"डब्यात काय भरत होता?" फिरोजने हळूच विचारलं.

"पहिल्या घाण्यातली. तीच उरली होती."

"मग तोच पुन्हा देऊन बघू, आठवण हलली नसेल तर एक्केचाळीसच येईल," फिरोज म्हणाला.

दोन दिवसांनंतरच्या चाचणीला फिरोजने नवी भाजणी केली नाही. एक्केचाळीस गुणांवर नापास झालेला पहिला घाणा त्याने बशीत मांडला. आकडा एक्केचाळीसच यावा म्हणून वासंती मनातल्या मनात हात जोडत होत्या. कामावर पाणी पडलं असतं, पण एका म्हातारीची सकाळ शाबूत राहिली असती.

त्या नेहमीसारख्या कृष्णाबाईंसमोर वाकल्या आणि एकेक कडबोळं त्यांच्या बोटांत घालू लागल्या. आई करायची तशीच कृती हवी, असं त्यांनीच पहिल्या दिवशी ठरवलं होतं. कृष्णाबाईंनी करंगळी तोंडाशी नेली.

जुळणांक अठ्ठ्याण्णव.

धुकं वितळलं. आधी घोडा स्वच्छ झाला. त्याला पुढचं एक चाक नव्हतं आणि तो एका बाजूला कलला होता. मग लुगड्यातली बाई वर बघून हसली. तिच्या छातीवर जांभळ्या दोरीने बांधलेला चष्मा लोंबकळत होता.

फिरोजने पडद्याकडे पाहिलं, वासंतींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"दिसली?" कृष्णाबाईंनी विचारलं.

वासंतींनी छातीवरचा चष्मा मुठीत धरला. कृष्णाबाईंनी डोळे उघडले, खुर्ची पुढे सरकवली आणि पडद्याच्या काचेवर बोटं टेकवली. कडबोळी काचेवर किणकिणली.

"हीच गो. हीच माझी आई." डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. "तू तिच्यासारखीच दिसतेस, पहिल्याच दिवशी म्हटलं नव्हतं मी?"

त्या तसं कधीच म्हणाल्या नव्हत्या. पहिल्या दिवसाचं सगळं ध्वनिमुद्रण कपाटात होतं.

वासंती उठल्या. त्याच कपाटातून त्यांनी पहिल्या चाचणीचं छापील चित्र काढलं. एक्केचाळीस गुणांचं, धूसर. त्यात चेहरा नव्हता. पण कोणाचाही हात लागण्याआधीचं तेवढंच होतं. चारही चाकांवर उभा घोडा, धुक्यातून निसटलेली गालाची एक कड, गालावर तीळ आणि कानात तीन मोत्यांची कुडी. काही न सांगता त्यांनी ते कृष्णाबाईंच्या मांडीवर ठेवलं. ओळख पटली तर अजून काही वाचलंय, एवढीच आशा.

कृष्णाबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला. तिळावरून बोट फिरवलं.

"कुडी छान आहे," त्या म्हणाल्या. "कोण ही? तुमच्यापैकी कुणाची आई का?"

फिरोज बाहेर निघून गेला.

वासंतींनी टोपीचे बंद सोडले. घड्याळात साडेअकरा झाले होते, साडेपाचपर्यंत सगळं ओलं राहणार होतं. त्यात खरं सांगितलं तर तेही ठसा होऊन बसणार, आणि मग या बाईला ना ही आई राहणार, ना ती. त्यांनी कागद काढून घेतला. कृष्णाबाईंनी पिशवीतून धुतलेला डबा काढून पुढे केला. आज आत करंज्या होत्या.

वासंतींनी करंज्या काढून घेतल्या आणि पहिल्यांदाच डबा रिकामा परत दिला.

"आज काही खायचं नाही, काकू. संध्याकाळपर्यंत फक्त पाणी."

कृष्णाबाईंनी डब्यात पाहिलं, मग वासंतींच्या तोंडाकडे पाहिलं. सहा वर्षांच्या पोरीसारखा त्यांचा खालचा ओठ पुढे आला.

"असं काय गो करतेस, आई?"