बाप असताना भाड्याची गाडी

थांब पोरी, ते उत्तर पाठवू नकोस. वाच बघू काय लिहिलंस. “नोव्हेंबरात या, गर्दी नसते, गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही, आम्ही स्टेशनवर घ्यायला येऊ.” वा! मिलानच्या जोडप्याने साधा प्रश्न विचारला, आणि तू लागलीस पाहुणचाराला. दोन खोल्या रंगवल्या म्हणजे झालं का तुम्हा बहीण-भावाचं हॉटेल? तो टीव्ही बंद कर. तुझ्या भावालाही बसू दे इथे. आधी ऐका, मग काय लिहायचं ते लिहा.

वरच्या गल्लीतला कानिओ आठवतो? तुम्ही तेव्हा नेपल्सला शिकत होतात. त्याच्या पांढऱ्या गाडीचा डावा दिवा कायम मिणमिणता. किती सांगितलं, पण पठ्ठ्याने कधी बदलला नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक लेक लोरेदाना दूर तोरिनोला. बाप-लेकीचं एकमेकांवर प्रेम होतं, पण नाक दोघांचं सारखंच वर. एकदा रुसले की महिना-महिना फोन नाही.

त्या वर्षी ती मृतांच्या सणाला यायची होती. तिने फोनवर विचारलं, “बाबा, सालेर्नोला गाडी भाड्याने घेऊ का? हंगाम संपला की तुमच्याकडच्या बसगाड्यांचा काही भरवसा नसतो.”

कानिओ म्हणाला, “भाड्याची गाडी कशाला? बाप मेलाय का तुझा?”

हे त्याने बारमध्येच, आमच्या देखत, ओरडून सांगितलं. आम्ही हसलो. मग हळूच मला म्हणाला, गाडी दाराशी असली की माणूस जेवतानासुद्धा निघायच्याच तयारीत असतो. गाडी नसली तर दोन दिवस जास्त राहील. गाडी कशाला हवी होती, ते तिने सांगितलं नव्हतं. तिचा संसार मोडला होता, नोकरी गेली होती. ती सामान घेऊन कायमची परत येत होती. असलं फोनवर कसं बोलणार? समोर बसून सांगू, असं तिने ठरवलं होतं.

एक नोव्हेंबर, दोन हजार अठरा. गुरुवार, पण सुट्टीचा; मृतांच्या सणाची आदली रात्र. कानिओने संध्याकाळी बायकोचं ताट मांडलं. पाव, पाणी, दिवा. दाराची कडी काढून ठेवली, आपण सगळेच ठेवतो तशी, त्या रात्री आपली मेलेली माणसं घरी येतात म्हणून. आणि सहाला निघाला, आठच्या रेल्वेसाठी.

आता त्याची चूक ऐका. आपल्या गावात ज्याच्याकडे गाडी आहे तो वेळापत्रक बघत नाही. कमीपणा वाटतो. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी त्या लाइनवर रेल्वे येतच नाही, तिच्याऐवजी बस येते, हे कानिओला ठाऊकच नव्हतं. ती बस स्टेशनात शिरत नाही. खालच्या तिठ्यावर माणसं उतरवते आणि पुढे जाते.

म्हणजे बाप स्टेशनवर, आणि लेक तिठ्यावर. धुकं इतकं, की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. तिच्या फोनची बॅटरी संपलेली. आसपास एक घर नाही. अर्धा-पाऊण तास ती सुटकेसवर बसून होती. मग धुक्यातून गाडी आली. उजवा दिवा लख्ख, डावा मिणमिणता.

तिचा जीव भांड्यात पडला. सुटकेस मागे टाकली, पुढे बसली. बाप टोपी कपाळावर ओढून बसलेला. बोलला नाही. वळून पाहिलंही नाही. तिला वाटलं, उशीर झाला म्हणून रुसलेत. गाडीत हाडं गोठवणारा गारठा. हीटर लावा म्हणाली. त्याने लावला नाही.

मग अंधारात तिने सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं, नोकरीचं. शेवटी म्हणाली, “बाबा, मी आता परत जाणार नाही. राहू का इथे?”

उत्तर नाही.

पुन्हा विचारलं.

तो नुसता गाडी चालवत राहिला.

चेस्टनटच्या वळणावर समोरून एक तीनचाकी उतरली. तीत आपला एजिदिओ होता, कानिओचा शेजारी. हे सगळं मला त्यानेच सांगितलं. तिची हकीकत तिने नंतर त्याला सांगितलेली. एजिदिओला पोलिसांचा फोन आला होता. स्टेशनच्या आवारात गाडीत एक म्हातारा गेलाय, तुमच्या गावचा वाटतो, ओळख पटवायला या. कानिओ स्टेशनवर गेलाय हे ठाऊक, म्हणून एजिदिओ रडतच निघाला होता. वळणावर त्याला कानिओची गाडी वर जाताना दिसली. तोच मिणमिणता दिवा. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पोलिसांची काहीतरी चूक झाली. मागे फिरावं असंही वाटलं. पण बोलावलंय तर जावं.

तो स्टेशनवर पोचला.

पांढरी गाडी तिथेच होती.

आत कानिओ. हात स्टिअरिंगवर. डोळे रुळांकडे. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं; तासभर तरी झाला असेल. आवार रिकामं. त्या रात्री तिथे एकही रेल्वे येणार नव्हती.

पोलीस किल्ली शोधत होते. लावायच्या जागी नाही, खिशात नाही, सीटखाली नाही. दोनदा शोधली... शेवटी गाडी ओढून न्यायची ठरली.

कागदपत्रं होईस्तोवर पहाट झाली. एजिदिओ वर आला. कानिओच्या घरात उजेड दिसला. कडी काढलेलीच होती. त्याने दार ढकललं. लोरेदाना चुलीपाशी बसली होती. रात्रभर झोपली नव्हती. डोळे सुजलेले.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला काका. बाबा झोपलेत. रुसलेत माझ्यावर. मी राहू का विचारलं, तर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मीही रागाने बोलले, पुढच्या वेळी गाडी भाड्यानेच घेईन. उठले की निघते मी.”

एजिदिओ उभाच राहिला.

बापाला पुरल्यावर ती तोरिनोला गेली, ती गेलीच. पुन्हा आली नाही. त्या घराला आजही कुलूप आहे. बापाचं उत्तर तिला कधीच मिळालं नाही. आता मिळणारही नाही.

पण त्या पहाटे एजिदिओ तिच्याकडे बघू शकेना, म्हणून त्याने नजर वळवली. दाराशेजारी एक खिळा आहे. कानिओ घरात आला की आधी तिथे हात न्यायचा.

खिळ्यावर गाडीची किल्ली होती.