डाव्या चाकापाशी

“पप्पा, बजरंग ड्रायव्हर गेला तवा कुठल्या सीटवर बसला व्हता?”

हा प्रश्न मी पप्पांना तोंडावर विचारून दाखवायचा, अशी पैज वर्गातल्या पोरींनी लावली होती. पिंकी तर म्हणाली, “तुझ्यानं व्हायचं न्हाई, प्रियदर्शनी.” माझ्यानं होत नाही असं कुणी म्हटलं की मी थांबत नसते. नववीची परीक्षा संपल्यापासून तर मला कशाचीच भीती वाटत नव्हती.

पुढचं वाचून हसायचं असेल तर हसा. पण यातलं एक अक्षर मी मनानं घातलेलं नाही. आणि हे रात्री झालेलं नाही...

भर दुपारी झालंय.

मंगळवार, १४ मे २०२४. पेडगाव फाट्यावरचं आमचं गॅरेज.

गाडी जिंतूरकडच्या दिनकररावांची. फोर बाय फोर जीप, पप्पांच्याच वयाची. बजरंग तिच्यावर अठरा वर्षं ड्रायव्हर होता. मागच्या पावसाळ्यात नाल्याच्या उतारावर पुढची चाकं थरथरायला लागली, स्टेअरिंग हातात राहिलं नाही, आणि जीप नाल्यात गेली. बजरंग तिथंच संपला. तेव्हापासून जीप उभीच होती. आता ट्रॅक्टरनं ओढत आमच्याकडं आणली होती.

प्रश्न ऐकून पप्पा चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“सीटवर न्हाई गेला तो. खाली उतरला व्हता.”

“मग?”

“मार लागलेला. तरी डावं चाक वर-खाली धरून हलवून बघत व्हता. ढिल्लं कुठं हाय ते. लोकं गेले तर तसाच बसलेला. दोनी हात चाकावर.”

मी पैज जिंकले होते. पण पिंकीला फोन करायची इच्छाच झाली नाही.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुढचं चाक ज्या सांध्यावर वळतं त्याला मेकॅनिक लोक नकल म्हणतात. जीपच्या दोन्ही नकला पप्पांनी खोलल्या. आत ग्रीस नव्हतंच, काळं पाणी होतं. बेरिंगचा भुगा झालेला. सगळं नवीन टाकलं. वरच्या झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्या असतात. एक पत्री जास्त झाली तर सांधा ढिला, एक कमी झाली तर जाम.

ते तपासायची पप्पांची स्वतःची रीत आहे. कापूस जोखायचा स्प्रिंगचा काटा. त्याचा हूक नकलेच्या दांड्यात अडकवायचा आणि ओढायचं. काटा सहा किलोवर आला की सांधा हलला पाहिजे; त्याआधीच हलला तर ढिला. मग आकडा भिंतीवर खडूनं लिहायचा. त्याशिवाय पप्पा चाक चढवत नाहीत.

उजवी बाजू त्यांनी आदल्या दिवशीच केली होती. भिंतीवर लिहिलं होतं, सहा. आज डावी बसवून झाली.

“डाव्या बाजूचा काटा तू वढ, माय,” म्हणाले, आणि नटबोल्ट आणायला आत गेले.

तेवढ्यात पिंकीचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला खोललेली जीप दाखवत बसले. पप्पांची पावलं ऐकू आली...

आणि मी खडू उचलून लिहिलं. सहा.

काटा ओढलाच नव्हता. नवीन बेरिंग, नवीन सील, त्यात काय कमी-जास्त असणार, असं वाटलं. पप्पांनी आकडा बघितला. मान हलवली. दोन्ही चाकं चढवली.

“पाच वाजता ट्रायल,” ते मम्मीला म्हणाले. “जिंतूरपर्यंत जाऊ. तू बी चल, माहेरी सोडतो.”

दोघं जेवायला घरात गेले. मी एकटीच शेडमध्ये. जीप अजून लोखंडी घोड्यांवर, चारही चाकं जमिनीपासून वर.

तीन वाजले होते.

आधी चिमण्या गप्प झाल्या. आमच्या पत्र्याखाली चिमण्यांचा दिवसभर कालवा असतो. एकदम काहीच नाही.

मग फाट्यावरच्या गिरणीचा आवाज थांबला.

आणि मग...

खट.

मला वाटलं, पत्रा तापला.

खट... खट.

आवाज खालून येत होता. मी वाकून बघितलं. डावं चाक हलत होतं. फिरत नव्हतं. वरून आत, खालून बाहेर. जसं कुणीतरी दोन हातांनी धरून बघतंय...

वारा नव्हता. बाहेरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं.

मी भिंतीकडं बघितलं. काटा खिळ्याला टांगलेला. हूक मोकळा, त्याला काहीच अडकवलेलं नाही.

काटा हळूहळू खाली सरकला.

एक...

दोन.

तिथंच थांबला. दोनवर. थरथरत.

मग पुन्हा शून्यावर गेला, आणि चिमण्या ओरडायला लागल्या.

चाकाजवळ गेले ते कसं गेले, मला आठवत नाही. टायरवर वर एक आणि खाली एक, पंजे उठले होते. माझ्या पंजाच्या दीडपट. काळ्या मातीचे.

मे महिना. बोअरला पाणी नाही. आणि तो चिखल ओला होता. मी बोट लावून बघितलं.

आजही कुणी गाडीचं चाक हलवून बघायला लागलं, की माझी नजर आधी त्याच्या हाताकडं जाते.

पप्पा-मम्मी बाहेर आले तेव्हा मी रडत नव्हते. एवढंच बोलले, “मी काटा वढलाच न्हाई. आकडा खोटा हाय.”

“लय शानी हायस,” मम्मी म्हणाली. “म्या त्याच गाडीत बसणार व्हते.”

पप्पांनी पाना उचलला. डावं चाक उतरवलं. दांडा मोकळा केला, हूक अडकवला, ओढला.

दोन.

झाकण उघडलं. एक पत्री जास्त होती. ती काढली, परत बसवलं, आणि काटा माझ्या हातात दिला. मी ओढला. बरोबर सहा. भिंतीवरचा जुना आकडा पुसून मीच नवीन लिहिला.

टायरवरचे डाग पप्पांनी फडक्यानं पुसले. कशाचे, ते विचारलं नाही.

पाच वाजले. मम्मी पिशवी घेऊन जीपकडं निघाली. पप्पा जॅक खाली घेणार, तेवढ्यात...

खट.

या वेळी उजवीकडून.

“ऐकलं का?” मी म्हणाले.

“काय गं?” मम्मी म्हणाली.

पप्पांचा हात जॅकवरच थांबला. उजव्या बाजूला आदल्या दिवशी संध्याकाळी ते एकटेच काम करत होते; काटा ओढताना त्यांना कुणी बघितलं नव्हतं. तो आकडा त्यांच्या अक्षरात होता. ते चाकाकडं बघत नव्हते. भिंतीकडं पण नाही.

खट... खट.

मी जाऊन मम्मीच्या हातातली पिशवी घेतली आणि बाजेवर ठेवली.

“मम्मी, तू आज माहेरी जायची न्हाईस. पप्पा, तुमी बी या गाडीत बसायचं न्हाई. उजवं चाक मी खोलणार हाय. आन् काटा मीच वढणार, तुमी नुसतं उभं राहून बघायचं.”