आप्पाचा पलंग

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे हसू येणार नाही.

ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मावसभाऊ. सगळे त्याला लंबू म्हणतात. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. रचून थापा मारण्याइतकी अक्कल त्याला नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

लंबू, त्याची शाळेपासूनची मैत्रीण टिल्लू आणि त्यांचा दोस्त आप्पा. आप्पा त्यांच्याच वयाचा, पण बोलणं म्हाताऱ्यासारखं, म्हणून आप्पा. तिघांना एकच वेड होतं, तो ठोकळ्यांचा खेळ. कॉम्प्युटरवर जमीन खणायची, दगड काढायचे आणि एकत्र बसून घरं, पूल, किल्ले बांधायचे. लंबूने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फक्त आपल्यापुरता सर्व्हर चालू ठेवला होता. बाहेरचं कुणी त्यात येऊच शकत नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. प्रत्येकाने आधी आपलं खरं घर तिथे जसंच्या तसं बांधायचं. खिडक्या, जिना, पलंगसुद्धा. आणि दुसऱ्याच्या घराला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

पलंगाचं नीट लक्षात ठेवा. त्या खेळात तुम्ही मेलात तर आपल्या पलंगावर परत उठता. पलंग कुणी मोडला असेल, तर त्या जगात पहिल्यांदा जिथे आला होतात तिथे उठता. उघड्यावर.

मग आप्पा आजारी पडला. दवाखान्यात हलवायच्या आधी घरी अंथरुणात पडल्या पडल्या त्याने एका हाताने पांढरा दगड खणला आणि आपलं घर पुरं केलं. जाताना लंबूला म्हणाला, "घराकडे लक्ष ठेव रे. मी परत आलो की तिथेच उठणार."

लंबूने मान हलवली.

आणि काही दिवसांत त्याने काय केलं? त्याच्या लाडक्या पुलाला पांढरा दगड कमी पडत होता. टिल्लू नको नको म्हणत होती. हा म्हणाला, "तो कुठे येतोय आता परत?" आप्पाचं घर त्याने पायापासून उकरून काढलं. पलंगासकट. मला हे कळलं तेव्हा मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.

एका दुपारी आप्पा खेळात आला. दवाखान्यातून.

त्या अर्धवट पुलावर चढला, तोल गेला आणि खालच्या पाण्यात बुडाला. मग उठला तो उघड्या माळावर. लंबू आपल्या पडद्यावर सगळं बघत होता. आप्पा इकडेतिकडे फिरत राहिला. मग त्याने लिहिलं...

"माझं घर कुठंय रे?"

लंबूने ते वाचलं. पडदा बंद केला आणि भाजी आणायला निघून गेला.

त्याच संध्याकाळी आप्पा गेला.

पुढे बरेच दिवस काही नाही. मग एका रविवारी, जेवणं आटोपल्यावर, लंबू खेळत बसला होता. शेजारी त्याची चिमणी चित्रं काढत होती. चिमणी म्हणजे त्याची पहिलीतली लेक. खेळात तिचंही एक छोटं बाहुलं होतं, आणि बापाच्या घरात तिचा लाल पलंग होता.

पडद्यावर एक ओळ उमटली.

"आप्पा आला."

लंबूला वाटलं, आप्पाच्या ताईने भावाचा लॅपटॉप उघडला असेल. त्याने तिला फोन लावला. ताई म्हणाली, लॅपटॉपमधलं सगळं पुसून तो कधीच देऊन टाकला.

फोन ठेवला आणि...

ठक.

ठक... ठक...

दगड फोडण्याचा तो खेळातला आवाज. लंबूने आवाज बंद केला. ठक ठक चालूच. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, स्वयंपाकघरातून ओरडली, भिंतीत खिळे ठोकताय की काय? लंबूने कॉम्प्युटरची वायरच उपटली. तेव्हा कुठे घर गप्प झालं.

सकाळी चिमणी अंथरुणात नव्हती.

दार आतून बंद. कडी लावलेली. वहिनीने पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं. तेवढ्यात फोन आला. दवाखान्याचा पहारेकरी बोलत होता. पोरगी फाटकापाशी उभी आहे, हाच नंबर सांगतेय म्हणाला.

चिमणी झोपेच्या कपड्यांत होती. अनवाणी. पण तळपाय स्वच्छ... धुळीचा कणसुद्धा नाही.

"मी कुठे गेले नाही बाबा," ती म्हणाली. "मी झोपले आणि इथे उठले."

चिमणीचा जन्म त्याच दवाखान्यातला. लंबूच्या डोक्यात तेव्हाच लख्ख प्रकाश पडला. घरी येऊन त्याने वायर लावली. खेळातल्या त्याच्या घरात लाल पलंग नव्हता.

त्याने चिमणीला मांडीवर घेतलं, तिच्याच हाताने नवा पलंग ठेववला आणि तिच्या बाहुल्याला त्यावर झोपवलं. त्या रात्री दोघं नवराबायको तिच्या उशापायथ्याशी बसून राहिले. पोरगी जागची हलली नाही. सकाळी वहिनी तिला पोटाशी धरून रडली.

लंबू पुन्हा पडद्यापुढे बसला. तिथे ओळ वाट बघत होती.

"चिमणीला सोडलं. तिने माझं काही मोडलं नव्हतं."

मग त्याचं लक्ष आपल्या पलंगाकडे गेलं. जागा रिकामी होती.

त्याने नवा ठेवला. ठक. त्याच्या डोळ्यांदेखत मोडला. पुन्हा ठेवला. ठक. समोर कुणीही नव्हतं.

त्याने सगळा पूल पाडला आणि आप्पाचं घर पुन्हा बांधायला घेतलं. पण आत किती खोल्या होत्या, पलंगाचं तोंड कुणीकडे होतं, काही आठवेना. त्या घरात तो कधी नीट गेलाच नव्हता. टिल्लूला विचारलं, तर ती म्हणाली, "तुला तेव्हाच सांगत होते," आणि फोन ठेवून दिला.

शेवटची ओळ त्यानंतर आली.

"झोप आता."

लंबू झोपत नाही.

कारण मी सांगते. लंबूचा जन्म आमच्या आजोळी झाला. ते गाव पुढे धरणात गेलं. भर उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हासुद्धा त्याचं एक छप्पर दिसत नाही.

परवा जेवताना ताटावरच त्याचा क्षणभर डोळा लागला. वहिनीने लगेच गदागदा हलवून उठवलं. त्याचे केस... निथळत होते. नाकातून चिखलाचं पाणी आलं.

तेव्हापासून आम्ही पाळ्या लावल्यात. गप्पा मारायच्या, चिमटे काढायचे, पाणी मारायचं. आप्पाला काय हवं असेल ते विचारूनही झालं. तो काही लिहीत नाही.

वहिनी कालपासून उभ्या उभ्या पेंगतेय, म्हणून आजची रात्र माझी. आत्ता मी लंबूसमोरच बसून हे लिहितेय. तो माझ्याकडे टक लावून बघतोय, मी जागी आहे ना म्हणून.

आणि मघापासून मलाच जांभया येतायत.