लाइट गेल्यावर लागलेला फोन

लाइट गेली, पण मोबाइलमधल्या वाय-फायच्या रेघा हलल्या नाहीत. राहीला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच.

"इन्व्हर्टर असेल लॉजला, राजाकाका," गोष्ट मध्येच तोडत अंधारातून वेद म्हणाला.

"होता. बिघडला म्हणून चिपळूणला दिलेला." काकांनी सुपारी कातरायचं थांबवलं. "मध्ये शहाणपणा नको. राही माझी विद्यार्थिनी, अंजनवेलची. ती खोटं सांगायची नाही."

साल दोन हजार नऊ. गुढीपाडव्याच्या आदली रात्र, म्हणजे अवस. राहीचे बाबा शेवटाला आले होते. पावसाळ्यापासून त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. दोन दिवस तोंडी एकच, "विनोद आला काय?" विनोद तिचा थोरला भाऊ, बाहरीनला. घरचा फोन मुका झालेला, मोबाइलवरून परदेशी लागायचं नाही. गडाच्या वाटेवर सखारामचं लॉज होतं, तिथलं वाय-फाय रस्त्यापर्यंत यायचं. इंटरनेटवरून फोन कसा करायचा ते विनोदनंच सुट्टीत शिकवलेलं.

"जा गो," आई म्हणाली, "सांग त्याला, मिळेल त्या विमानानं नीघ. मी बसते ह्यांच्यापाशी."

राही लॉजच्या गडग्याच्या दगडी भिंतीला टेकून फोन लावत राहिली. रिंग जायची, तुटायची. मग लाइट गेली.

सखाराम मेणबत्ती घेऊन बाहेर आला. "घरी जा गो आता. नेट गेला. डबा बंद पडला."

तिनं मोबाइल पुढे केला. रेघा पुऱ्या.

सखाराम आत गेला. वाय-फायचा डबाच वायरीसकट उपटून घेऊन आला. तिनं हात लावून बघितलं... थंडगार. रेघा तशाच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सखाराम डबा घेऊन मागे सरला. आत गेला. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पळत सुटावं असं तिला वाटलं. पण बाबा...

तिनं पुन्हा लावला. रिंग. कुत्री गप्प. वारा गप्प. रिंग...

रिंग थांबली.

"द... दादा?"

"राहे!" विनोदचा आवाज आनंदानं फुटत होता. "अगं, बाबा येणार म्हणून आधी कळवायचं नाही होय? दार उघडतो तर समोर उभे! अनवाणी... पाय धुवायला पाणी मागतायत. बघायला हवं होतंस, माझ्या पांढऱ्या लादीवर नुसती लाल माती झालीये..."