हाकेची ओळ

पावसाने गाठलं म्हणून तो आत आला होता. युद्धाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने तिकीट मागितलं, ते त्याने निमूट काढलं आणि पंखा कुठे आहे म्हणून विचारलं. पंखा तळघरातल्या दालनात होता. आणि तिथे ती होती.

"काचेवर पाणी गळतंय तुमचं," ती म्हणाली.

"माझं नाही. पावसाचं आहे."

तिने हसू ओठातच दाबलं. ती त्या दालनाची मार्गदर्शक. भूसुरुंगांच्या इतिहासावर प्रबंध लिहायला घेतला होता, तो अर्ध्यावर राहिला आणि नोकरी तेवढी लागली. घरी दादा तिला 'मास्तरीण' म्हणून चिडवायचा, कारण जेवतानासुद्धा ती समजावून सांगायच्या सुरात बोलायची. त्या दिवशी दुसरं कुणी फिरकलंच नव्हतं. तेव्हा या एकट्या भिजलेल्या माणसाला तिने सगळं दालन फिरवून दाखवलं.

सुरुंग म्हणजे मुळात भुयार, तिने सांगितलं. तटाखाली खणत जायचं, दारूची पिंपं रचायची आणि तट उडवायचा. मग कुणाला तरी सुचलं, की दारू नुसती पुरून ठेवली आणि पाऊल पडायची वाट पाहिली तरी चालतं. पुढे रणगाडे आले, तसे रणगाड्यांसाठी मोठे सुरुंग आले. शत्रू ते हातांनी उकरून पळवायला लागला, म्हणून त्यांच्या राखणीला माणसांसाठीचे छोटे सुरुंग आले. मग प्लास्टिकचे, यंत्राला सहजी न सापडणारे. युद्ध संपतं, तह होतात, सैन्यं घरी जातात. हे मात्र जागचे हलत नाहीत.

"आणि हा एवढासा?" त्याने एका चपट्या डबीकडे बोट दाखवलं. "याने माणूस मरतो?"

"मरावा असा हेतूच नाही. पाय जावा, एवढंच. मेलेल्याला तिथे सोडून पुढे जाता येतं. जखमीला उचलायला दोघं लागतात."

त्याने ती डबी पुन्हा निरखली. मग म्हणाला, "हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं असेल."

"टेबलाशीच बसून."

"चहा पीत?"

"बहुतेक," ती म्हणाली… आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे थकलेले, पण काही म्हणून निसटू न देणारे.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आज पाऊस नाही," ती म्हणाली.

"हो ना. निमित्तच उरलं नाही. तसाच आलो."

तो रुग्णालयाची शववाहिका चालवायचा आणि कविता लिहायचा. माझ्याकडे गाडी आहे, पण तुम्हाला फिरायला नेता येणार नाही, असं त्याने तोंड पाडून सांगितलं. तीत बसलेल्याला आपणहून उतरता येत नाही म्हणे. तिला इतकं हसू आलं, की वरून पहारेकरी डोकावून गेला.

मग ती त्याच्या कविता ऐकायला गेली. टायरच्या दुकानामागच्या गोदामात दर महिन्याला पंधरावीस जण जमायचे. रबराचा वास, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि चंद्र-चांदण्यांना सक्त मनाई. कुणी उकिरड्यावर लिहायचं, कुणी बापाच्या दारूवर. तो उभा राहिला आणि कोरड्या आवाजात म्हणाला:

गटाराच्या झाकणावर निजलेल्या बाईला
शहर रोज ओलांडतं
आणि मग चप्पल पुसतं.

परतताना एका छत्रीखाली चालताना तिने विचारलं, ती बाई खरी का? तो म्हणाला, खरीच. शेवटी तिला त्यानेच गाडीतून नेलं होतं. "मी खोटी ओळ लिहीत नाही. तेवढंच एक जमतं मला." हे बोलताना त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. तिने काढून घेतला नाही. तोही घाईने बाजूला झाला नाही… बसथांबा मागे राहिल्याचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने तिला पाय जमिनीला लागत नसल्यासारखे गेले. तो कामावरून सुटला की साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन यायचा आणि तरीही तिचा हात धरताना क्षणभर थबकायचा. ती मुद्दाम आपला हात पुढे करायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही.

आणि अशाच एका संध्याकाळी बागेतल्या बाकावर तिने त्याला दादाचं सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं. आपण होऊनच सांगितलं.

दादा वीजखात्यात लाइनमन होता. सरहद्दीकडच्या माळावर, तो जन्मायच्या आधीच संपलेल्या युद्धातले सुरुंग पुरलेले होते. खांब उभारताना खुणेच्या दोरीपलीकडे दादाचं पाऊल पडलं आणि डावा पाय गेला. त्याचा जिवलग, बारक्या, त्याला उचलायला धावला आणि दुसऱ्या सुरुंगावर पडला. तो जागीच गेला. सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं. बारक्याच्या आईला, जिला ही भावंडं मावशी म्हणत, तिलाही एवढंच. मित्रासाठी आपण होऊन धावला, या एका गोष्टीवर ती जगत होती. मावशी शिवणकाम करायची. दर रविवारी घरी येऊन दादाच्या विजारी कृत्रिम पायावर नीट बसतील अशा बेताने उसवून शिवून द्यायची आणि लेकाच्या आठवणी काढत बसायची.

बारक्या आपण होऊन धावला नव्हता. तो दोरीशी थांबला होता. दादाने त्याला हाक मारली होती. पुढे आणखी सुरुंग असणार हे ठाऊक असून मारली होती. हे दादाने आयुष्यात एकट्या बहिणीला सांगितलं होतं, तेही तापात.

तिचं सांगून झालं. तिचे डोळे त्याने आपल्या बाहीने पुसले. आपण किती योग्य माणसाला सांगितलं, असं तिला वाटलं.

पुढच्या महिन्यात गोदामात तो उभा राहिला. थेट तिच्याकडे पाहत, एखादी भेट द्यावी तशी त्याने नवी कविता म्हटली. माळ होता, खांब होता, दोरी होती. शेवटी:

पाय गेल्यावर तो देवाला नाही,
मित्राला हाक मारतो.
देव आला नाही.
मित्र आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतकी ती कविता सगळ्यांना लागली होती. ती उठून बाहेर गेली. तो मागोमाग धावत आला. चेहऱ्यावर अजून आनंदच होता.

"हे तुझं नव्हतं," ती म्हणाली.

"नाव नाही लिहिलं मी कुणाचं."

"मावशीला वाचता येतं."

तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. कविता त्याने आधीच साप्ताहिकाकडे दिली होती. तिच्यासमोरच त्याने फोन लावला, गयावया केली, पण अंक छापून झाला होता.

रविवारी मावशी आली ती शिवणाची पिशवी न घेता. घडी घातलेला अंक तिने टेबलावर ठेवला. शेजारणीने दाखवला, म्हणाली. दादा खिडकीशी बसला होता, त्याने अंकाला हात लावला नाही. बहिणीकडे मात्र एकदा पाहिलं. त्या नजरेत राग असता, तर तिला सोसला असता.

तेवढ्यात दार वाजलं. तो आला होता. तिने बोलावलं नव्हतं. त्याने चपला दारात काढल्या, मावशीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, ती हाकेची ओळ माझ्या मनाची आहे. कविता उठावदार व्हावी म्हणून घातली. तसं काही घडलेलं नाही. पुढच्या अंकात तसं छापून द्यायला सांगितलंय मी."

खोटी ओळ लिहीत नाही म्हणणारा माणूस, खऱ्या ओळीला खोटी म्हणत होता. गोदामातले सगळे आता त्याला हसणार होते. तिला त्याचा हात धरावासा वाटला… पण तिने धरला नाही.

मावशीने डोळे मिटले. खांदे सैल झाले तिचे. "मला वाटलंच," ती पुटपुटली.

"मावशी," दादा म्हणाला. "हाक मारली होती मी."

मावशीने डोळे उघडले.

तिने विचारलं, "काय म्हणून मारलीस?"

"बारक्या म्हणून."

"लगेच आला?"

"लगेच."

मावशीने मान हलवली. पदर सारखा केला, पिशवी शोधली, ती आणलीच नव्हती हे आठवलं आणि जिना उतरून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग दादाच जायला लागला, तिचे तीन मजले धापा टाकत चढून. दार कधी उघडायचं, कधी नाही. उघडलं तरी मावशी फक्त पाणी द्यायची. तरी दादा रात्री शांत झोपायला लागला. त्याचं बहिणीला बरं वाटायचं आणि तेच टोचायचंही.

शववाहिकेच्या कामावरून सुटला की तो संग्रहालयापाशी येऊन थांबायचा. तिने दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा ती बसथांब्यापर्यंत त्याच्यासोबत चालली. तो वाळला होता. कविता सोडली म्हणाला, कायमची. हवं तर शपथ घेतो.

"नको सोडूस," ती म्हणाली. "चांगली होती ती. म्हणूनच तर…"

"मग माफ कर."

"केलंय."

"मग प्रेम नाही राहिलं का तुझं?"

तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. "आहे," ती म्हणाली. "खूप आहे. पण परवा माझी आई स्वप्नात आली, आणि जागी झाल्यावर पहिला विचार आला, की हे तुला सांगायचं नाही. असं जपून जपून किती वर्षं बोलू मी तुझ्याशी?"

बस आली. तो बाजूला झाला, तिला चढता यावं म्हणून. चढताना त्याचा हात तिच्या कोपराखाली आला, सवयीने. तिने तो तसाच राहू दिला, वर पोचेपर्यंत.

आत जागा होती. ती पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसली, जिथून तो दिसला नसता.