सत्तावन्न नंबरची गाडी

ही घडलेली गोष्ट आहे. कुणाला पटवायची म्हणून लिहीत नाही. पोटात ठेवून ठेवून जड झाली, म्हणून लिहितो.

रात्र नव्हती. वारा नव्हता, कुत्री रडत नव्हती. मंगळवार होता आणि दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

जागा म्हणजे शहराच्या भुयारी रेल्वेची कंट्रोल रूम. दुसरा मजला. एकही खिडकी नाही.

ज्यांच्यावर हे गुदरलं ते माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी जन्मात थाप मारलेली नाही. माझी मेहुणी म्हणते, थाप मारायला डोक्यात कल्पना यावी लागते, ती यांच्याकडे कुठून येणार?

कामावर त्यांना सगळे सावकाशराव म्हणत. फोनवर कुठल्याही मोटरमनशी बोलणं झालं की शेवटी 'सावकाश' म्हणायची त्यांना सवय होती.

एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. बोगद्यात धूर झाला, वीज गेली, रुळांवर पाणी आलं, की कुठली गाडी कुठे रोखायची, कुठली मागे फिरवायची, कुठली दुसऱ्या मार्गाने काढायची, ते ठरवायचं आणि फोनवर सांगायचं. त्यांचा आवाज कधी चढला नाही आणि कधी पडलाही नाही. खाली अंधारात अडकलेल्या माणसाला वरून घाबरलेला आवाज ऐकू जाता कामा नये, असं ते म्हणत.

पण अशी सवय अंगात मुरली की घरीही येते. आमच्या सासूबाई गेल्या, ते त्यांनी मेहुणीला त्याच आवाजात सांगितलं. तेव्हापासून ती म्हणते, घराला आग लागली तरी हे म्हणतील, सावकाश बाहेर पडा.

त्या खोलीचे दोन नियम होते.

पहिला, सरावाचा. वर्षातून दोनदा संकटाचा सराव व्हायचा. आराखडे करणाऱ्या एक बाई होत्या. त्या कागदावर संकट लिहून आणत. नदीचं पाणी बोगद्यात शिरलं तर काय? मधलं स्टेशन बंद पडलं तर गाड्या कशा वळवायच्या? मग त्या शेजारच्या खोलीत फोन घेऊन मोटरमन व्हायच्या आणि सावकाशराव इकडून ऑर्डर द्यायचे. अशा प्रत्येक बोलण्याच्या आधी 'सराव' म्हणायचं आणि शेवटीही 'सराव' म्हणायचं. खऱ्यात आणि खोट्यात गल्लत नको. म्हणून सरावाच्या गाड्यांचे नंबरही वेगळे. खऱ्या गाड्या अठ्ठेचाळीसपर्यंत. त्यापुढच्या फक्त कागदावर.

दुसरा नियम त्याहून जुना होता. जो रोखतो, तोच मोकळं करतो. ज्याने गाडी थांबवली त्याच्याच आवाजात ऑर्डर आल्याशिवाय गाडी हलत नाही. साहेबाने सांगितलं तरी नाही.

त्या मंगळवारी सराव चालू होता. कागदावर नदीला पूर आला होता. सत्तावन्न नंबरची गाडी, तीनशे चाळीस प्रवासी, जुन्या सायडिंगमध्ये नेऊन रोखायची होती. ही सायडिंग म्हणजे मुख्य बोगद्याला फुटलेला एक आंधळा फाटा. नऊ वर्षांपासून बंद. तिथल्या फोनची तारही कापलेली. टेबलावर त्याचं बटण तेवढं उरलं होतं.

तेवढ्यात खरोखरच्या एका गाडीचा दरवाजा अडकला. एका कानाला खरा मोटरमन, समोर सरावाचा कागद. सावकाशरावांनी सरावाच्या फोनचं बटण दाबायचं, ते सायडिंगचं दाबलं.

आणि 'सराव' म्हणायचं राहून गेलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"गाडी सत्तावन्न, सायडिंगमध्ये या आणि थांबा. माझी ऑर्डर येईपर्यंत हलू नका. सावकाश."

पलीकडून उत्तर आलं...

"सत्तावन्न. थांबलो."

बरोबर, म्हणून त्यांनी फोन ठेवला. अडकलेला दरवाजा सुटला. सराव संपला. चहाच्या वेळी बाई म्हणाल्या, आज तुमचे मार्क कापले हो काका, सत्तावन्न मला दिलीच नाहीत तुम्ही, मी कागद हातात धरून बसले होते.

सावकाशराव म्हणाले, दिली की. तुम्हीच तर थांबलो म्हणालात.

बाई म्हणाल्या, थांबले म्हणाले असते. थांबलो कशाला म्हणेन?

यावर सगळे हसले. सावकाशरावही हसले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी सायडिंगच्या बटणाचा दिवा लागला.

तार कापलेल्या फोनचा.

त्यांनी उचलला. पलीकडे खरखर नव्हती, गाडीची घरघर नव्हती. नुसती पोकळी. मग...

"सत्तावन्न. थांबलोय. प्रवासी शांत आहेत."

त्यांनी ठेवून दिला. मोटरमन लोक चावट असतात. त्यात बडबड्या म्हणून एक होता, तो तर स्टेशनांची नावंही बायकांच्या आवाजात घ्यायचा. त्याचंच काम असणार.

तिसऱ्या दिवशी, तीच वेळ. "सत्तावन्न. दिवे गेले. प्रवासी शांत आहेत."

चौथ्या दिवशी, "सत्तावन्न. मुलं झोपली. प्रवासी शांत आहेत."

पाचव्या दिवशी, "सत्तावन्न. इथली माणसं विचारतात, अजून किती वेळ."

आणि सावकाशरावांच्या तोंडून सवयीने गेलं, "सावकाश."

मला हे सांगताना ते एवढ्याच ठिकाणी थांबले. म्हणाले, मी उत्तर द्यायला नको होतं. उत्तर दिलं आणि ती गाडी माझी झाली.

त्यांनी बडबड्याला बोलावून विचारलं. बडबड्या नेहमी एका प्रश्नाला दहा उत्तरं द्यायचा. त्या दिवशी खाली बघत राहिला. म्हणाला, फोन मी करत नाही. पण त्या फाट्यापाशी आताशा मी गाडी हळू घेतो. सगळेच घेतात. तिथे वास येतो. घाण नाही... बंद खोलीत पुष्कळ माणसं पुष्कळ वेळ बसली की येतो, तसा.

मग सावकाशरावांनी देखभालीची दोन माणसं खाली पाठवली. ती सायडिंगच्या टोकापर्यंत चालत गेली. गाडी नाही, माणूस नाही, फोनच्या जागी भिंतीत नुसतं भोक.

रूळ मात्र चमकत होते.

नऊ वर्षं चाक न फिरलेला रूळ गंजून तांबडा असायला हवा. तो घासून लख्ख झाला होता. एकदाच झाला असावा, आत जाताना.

सावकाशरावांच्या निवृत्तीला तेव्हा नऊ दिवस राहिले होते. साहेबांनी निरोपाचं ठरवलं होतं, भाषण कोण करणार तेही ठरलं होतं. एकतीस वर्षांत एकही ठपका नाही, असा माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता. मेहुणीला त्याचा अभिमान होता. एरवी नवऱ्यात अभिमान धरण्याजोगं काही नाही, असं तीच सांगायची.

आणि नऊ दिवसांनी त्या टेबलावर दुसरा माणूस बसणार होता. त्याला सत्तावन्नला मोकळं करता येणार नव्हतं. जो रोखतो, तोच.

मेहुणी सांगते, त्या दिवसांत ते घरी नीट जेवत होते, नीट झोपत होते, पेपर वाचत होते. फक्त पंखा चालू करायला उठले की बटणावर हात ठेवून उभे राहत.

शेवटी ते आराखड्याच्या बाईंकडे गेले. बाई हसल्या नाहीत. कपाटातून सरावाचा कागद काढून बराच वेळ बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "काका, पुढचं मी लिहिलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"गाडी सायडिंगमध्ये उभी राहिली की सराव संपतो. ती बाहेर कधी निघते, कुठे जाते, ते लिहायची कधी गरजच पडली नाही. मी त्या माणसांना तिथपर्यंतच कल्पिलं."

दोघं टेबलाशी बसले. बाईंनी पेन्सिल घेतली. सत्तावन्न बाहेर काढायची तर मुख्य मार्ग मोकळा हवा. मागच्या खऱ्या गाड्या रोखायला हव्यात. आणि कुठल्या तरी स्टेशनवर प्रवासी उतरवायला हवेत, ते रिकामं हवं, कारण फलाटावर खरी माणसं असताना तिथे काय येऊन उभं राहील, हे दोघांनाही सांगता येत नव्हतं.

एकूण बारा मिनिटं. गर्दीच्या मार्गावर, काही कारण नसताना.

बाईंनी विचारलं, साहेबांना काय सांगणार? ते म्हणाले, धूर दिसला म्हणेन.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून चार मिनिटांनी त्यांनी धूर असल्याचं कळवलं. तीन गाड्या रोखल्या, दोन दुसऱ्या मार्गाने वळवल्या. पुढच्या स्टेशनच्या मास्तरांना फलाट रिकामा करायला लावला. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि विचारू लागले, धूर कुठाय, कॅमेऱ्यात तर काही नाही. सावकाशराव म्हणाले, बघतो.

तीन दहा. दिवा लागला.

"गाडी सत्तावन्न. मार्ग मोकळा आहे. पुढच्या स्टेशनवर प्रवासी उतरवा. सावकाश."

पलीकडून उत्तर आलं...

"सत्तावन्न. निघालो."

गाड्या दाखवणाऱ्या समोरच्या फलकावर त्या मार्गावरचा एकही दिवा हलला नाही. फलकाच्या हिशेबी बोगदा रिकामा होता. त्यांनी दुसऱ्या कानाला स्टेशन मास्तरांचा फोन लावून ठेवला होता. मास्तर साधा माणूस, त्याला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, बोगद्यातून हवा येतेय. गाडी यायच्या आधी येते तशी. भिंतीवरच्या जाहिराती फडफडतात.

मग म्हणाला, हवा थांबली.



सावकाशरावांनी विचारलं, काय दिसतं?

"दिसत काही नाही. पण मी भिंतीला चिकटून उभा आहे."

"का?"

"वाट द्यावी लागली," मास्तर म्हणाला.

जवळजवळ दोन मिनिटं तो तसाच उभा होता. मग त्याने मोठा श्वास सोडलेला फोनवर ऐकू आला. त्याच वेळी दुसऱ्या कानात आवाज आला, "प्रवासी उतरले. सत्तावन्न रिकामी." आणि दिवा विझला.

तो परत लागला नाही.

धूर कुठेच सापडला नाही. चौकशी झाली. साहेबांनी खोदून खोदून विचारलं, सावकाशराव एकच सांगत राहिले, मला वाटलं धूर आहे. त्यांना टेबलावरून उठवलं. उरलेले दिवस जुने नकाशे ठेवायच्या खोलीत बसवलं. निरोप झाला नाही. शेवटच्या दिवशी ते डबा घेऊन घरी आले, हातपाय धुतले. मेहुणी रडली. ते म्हणाले, चहा टाक.

बाईंनी नंतर येऊन त्यांना एक गोष्ट सांगितली. त्या स्टेशनवरून बाहेर पडायच्या फाटकांना यंत्रं आहेत, माणूस बाहेर गेला की आकडा पुढे सरकतो. त्या दुपारी फलाट रिकामा होता, वर जिन्यालाही दोरी लावलेली. तरी तेवढ्या मिनिटांत यंत्रांवर बाहेर गेलेली माणसं भरली.

तीनशे चाळीस.

यंत्र बिघडलं अशी नोंद झाली. बाईंनी बदली मागून घेतली. आता त्या वेळापत्रकं छापून घेतात. नवं काही कल्पायचं नाही म्हणाल्या.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

निवृत्त झाल्यापासून सावकाशराव रोज दुपारी त्या स्टेशनच्या बाहेर जाऊन बसतात. तिथे एक बाक आहे. मेहुणीने मला सांगितलं, जरा बघा हो भावजी, हे उन्हात काय करतात. म्हणून गेल्या महिन्यात मी जाऊन शेजारी बसलो. विचारलं, काय बघता?

ते म्हणाले, जिन्याने वर आलेला माणूस लगेच वळतो. त्याला घर असतं, काम असतं, पाय आपोआप वळतात. पण काही जण वळत नाहीत. वर येतात आणि उभे राहतात.

मी म्हटलं, नवखे असतील, रस्ता शोधत असतील.

म्हणाले, नवखा माणूस इकडेतिकडे बघतो. हे बघत नाहीत.

मग त्याच सपाट आवाजात त्यांनी सांगितलं, की परवा त्यांतला एक जण त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला होता. सभ्य माणूस, कपडे चांगले, थोडे चुरगळलेले. मागे आणखी बरेच उभे होते. बायका होत्या, मुलं होती. सगळे गप्प. त्या माणसाने फक्त एवढं विचारलं, "पुढे कुठे जायचं, ते आम्हाला सांगितलं नाही."

सावकाशरावांना आवाज ओळखता येतो. फोनवर ऐकलेला हा आवाज नव्हता. प्रवाशाचा होता.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"मीच उतरवलं होतं त्यांना," ते म्हणाले. "रस्ता दाखवायला नको?"

"दाखवलात?"

"बोट केलं."

"कुठे?"

ते बाकावरची धूळ हाताने पुसत राहिले.

पुन्हा दोनदा विचारलं. मेहुणीनेही विचारलं. ते सांगत नाहीत.

त्या स्टेशनच्या जिन्याने वर आलं की रस्ते दोनच आहेत. एक त्यांच्या घराकडे जातो.

दुसरा माझ्या.