न घेतलेला शॉट

एकोणीसशे पन्नासच्या सप्टेंबरात सिनेमावाले आमच्या गावात आले, तेव्हा मी हातमोज्यांच्या कारखान्यात शिलाईला होते. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरांत आमचं गाव. तिथं दोनच प्रकारची माणसं राहायची : हातमोजे शिवणारी, आणि टेकडीवरची मालकमंडळी. अॅन्सेल टीग आमच्याच कारखान्यात कातडं कापायचा. येत्या वसंतात आमचं लग्न व्हायचं होतं. पण त्याचा डोळा टेकडीवर होता. एकुलता एक चांगला शर्ट तो स्वतः इस्त्री करायचा, आणि मालकांसारखं सावकाश बोलायची सवय करायचा. मला त्याचं हसू यायचं, कौतुकही वाटायचं.

सिनेमा एका गाजलेल्या जाड कादंबरीवरून होता. गरीब मुलगा श्रीमंत मुलीच्या आधारानं वर चढतो. ज्या गरीब मुलीला त्यानं शब्द दिलेला असतो, ती आड येते. मग तो तिला नावेतून फिरायला नेतो. माझ्या शेजारी शिवणारी टेसा शेवटची पानं आधी वाचून आली होती.

"बुडवतो गं तिला," ती म्हणाली. "आणि या बावळीला वाटतं, लग्नाला नेतोय."

नावेचा प्रसंग गावाजवळच्या हेरन तळ्यावर घ्यायचा होता, पण तिथल्या वाऱ्यात नटनट्यांना तासन्‌तास बसवायचं नव्हतं. लांबून घ्यायच्या शॉटसाठी त्यांच्या अंगलोटाची दोन माणसं हवी होती. निवड झाली ती नेमकी आमची. मला त्या मुलीचा तपकिरी कोट मिळाला, अॅन्सेलला नायकाचं जाकीट. ते त्याला असं बसलं की कपडेपटातली बर्था म्हणाली, "हे काढायला सांगू नका हो त्याला."

मालकांची पुतणी हॅरिएट लॅथ्रप रोज शूटिंग बघायला यायची. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्या थर्मासमधली कॉफी अॅन्सेलला द्यायला लागली. टेसानं मला कोपरानं ढोसलं.

शॉट साधा होता. मधोमध जायचं, थोडा वेळ बसायचं, परत यायचं.

"जागेवरून उठायचं नाही," दिग्दर्शक हॅलमसाहेबांनी बजावलं. "नाव उलटायचा भाग आम्ही नंतर स्टुडिओतल्या टाकीत घेणार आहोत."

मधोमध गेल्यावर अॅन्सेलनं वल्ही वर घेतली. त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं, दुसरा आवाज नव्हता. गाडीची वाट बघणारा माणूस रुळांकडे बघतो, तसा तो माझ्याकडे बघत होता.

"कसला विचार करतोयस?"

"कसलाच नाही."

किनाऱ्यावरून शिट्टी झाली आणि आम्ही परत आलो. माझ्या बुटांना थेंबही लागला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी गावच्या थिएटरात त्यांनी तळ्यावरचं चित्रीकरण लावून पाहिलं. आम्हा दोघांना मागं बसायची परवानगी मिळाली. पडद्यावर राखाडी तळं आलं, लांबवर आमची नाव. वल्ही वर गेली. मी मनात म्हटलं, आता शिट्टी होईल.

पडद्यावरची मुलगी उठून उभी राहिली.

नाव कलली. कोट पाण्यावर पसरला. एक हात वर आला, पुन्हा आला.

पुरुष बसून होता. मान जराशी डावीकडे झुकवून. अॅन्सेल ऐकताना तशीच झुकवायचा.

मग त्यानं वल्ही पाण्यात घातली आणि तो सावकाश किनाऱ्याकडे निघाला.

"हा शॉट कोणी घेतला?" हॅलमसाहेबांनी विचारलं.

कॅमेरावाला अजून पडद्याकडेच बघत होता. "मी नाही," तो म्हणाला.

बाहेर फूटपाथवर ऊन होतं. अॅन्सेल भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पिठासारखा.

"माझा हात का नाही पुढे झाला?" तो म्हणाला.

"अॅन्सेल, असं काही झालंच नाही. ही बघ, मी इथं उभी आहे."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याची नजर माझ्यातून मागच्या दुकानाच्या काचेवर गेली आणि तिथंच राहिली. "केवढा गार वारा सुटलाय," तो कुणाला तरी म्हणाला, आणि चालू लागला.

मी ठरवलं, त्याच्या मनात काय होतं ते मला कळलंय हे त्याला उमगलं, म्हणून तोंड लपवतोय. साखरपुड्याची अंगठी मी टेसाबरोबर परत पाठवली. ती अंगठी घेऊन तशीच परत आली.

"ही तिच्या आईला दे, म्हणतो," टेसा म्हणाली. "काय बोलणं झालं हे?"

सिनेमावाले गेले. पुढच्या जूनमध्ये अॅन्सेलनं हॅरिएटशी लग्न केलं आणि तो टेकडीवर राहायला गेला. चर्चमध्ये तो माझ्या जवळून जायचा. "ओळखही दाखवत नाही मेला," आई पुटपुटायची.

ऑक्टोबरात एका दुपारी हॅरिएट आमच्या दारात आली.

"तुम्हीच मिल्का होराक?" तिनं विचारलं, आणि परवानगी न घेता माझ्या बाहीला हात लावून पाहिला. "तो म्हणतो, तुम्ही बुडालात. झोपेत रडतो. मी कुणाला विचारलं नाही, मला वाटलं जुनं दुःख आहे. दर रविवारी मी स्वतः तळ्यावर फुलं सोडते. आणि काल कारखान्याच्या पगारयादीत तुमचं नाव दिसलं."

"मी जिवंत आहे."

"ते मला दिसतंय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "त्याला दाखवायला याल?"

मी रागानं गेले. एकदा तरी त्याला माझ्यासमोर घाम फुटलेला बघायचा होता.

त्यांच्या घराच्या पांढऱ्या पायऱ्यांवर लख्ख ऊन पडलं होतं. मी वरच्या पायरीवर उभी राहिले. हॅरिएटनं हाक मारली. तो आला, जाडसर झालेला, सुंदर स्वेटर घातलेला. दारात थांबला.

"अॅन्सेल," मी म्हटलं.

त्यानं खाली पाहिलं.

"हॅरिएट, पायरीवर केवढं पाणी सांडलंय. कुणीतरी घसरेल."

तो आतून फडकं घेऊन आला. गुडघ्यांवर बसला. माझ्या बुटांच्या कडेकडेनं, त्यांना न लागता, काळजीपूर्वक पुसू लागला.

मी वाकून पायरीला हात लावला. कोरडी होती. उन्हानं तापलेली.

तो उठला, कठड्याशी गेला आणि त्यानं फडकं बाहेरच्या फुलझाडांवर पिळलं. हॅरिएटनं माझं मनगट घट्ट धरलं.

पाणी पडायला लागलं. बराच वेळ पडत राहिलं.